घरच्या धान्याचा कोंबडीदाणा: ज्वारी-मक्याला जोड काय द्यायची, किती द्यायची

आमच्या परसात सध्या १४ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत, बहुतेक गावरान आणि चार ग्रामप्रिया (परसात पाळायची सुधारित जात), आणि गेली सहा वर्षं त्यांचा दाणा आम्ही घरीच करतोय. मका, ज्वारी, बाजरी अख्खी नाहीतर जाडीभरडी आणि त्यात बाकीची जोड. बरेच जण विचारतात की बाजारचं फीड बंद करून घरचं बिनफवारणीचं धान्य घातलं तर चालेल का. चालतं, चांगलं चालतं, पण नुसतं धान्य घातलं तर नाही चालत, आणि हा एकच मुद्दा मला नीट पटवून द्यायचाय कारण पहिल्या वर्षी आमच्या कोंबड्यांचे त्यापायी फार हाल झाले.

झालं असं की फीडचं पोतं संपलं ते परत आणलंच नाही, घरची ज्वारी, थोडी तांदळाची कणी, शिळी भाकरी असं सुरू केलं. कोंबड्या दाण्यावर तुटून पडायच्या त्यामुळे वाटलं सगळं छान चाललंय. महिन्याभरात अंडी निम्म्यावर आली, मग कवच इतकं पातळ व्हायला लागलं की उचलताना बोट आत जायचं, दोन-तीनदा तर कवच नसलेलं नुसतं कातडीचं अंडं निघालं, आणि शेवटी एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं पूर्वी आम्ही पण ज्वारीच घालायचो, पण त्या दिवसभर उकिरडा उकरत हिंडायच्या, किडे-वाळवी-गांडुळं सगळं खायच्या. तू मुंगसाच्या भीतीनं जाळीत कोंडल्यास आणि वर नुसती ज्वारी. अंडं कुठनं येणार?"

सगळं ह्यात आलं. जुन्या लोकांची मूठभर ज्वारी पुरायची कारण ती वरकड होती, खरं जेवण कोंबडी स्वतः शोधायची. जाळीत किंवा छोट्या अंगणात ठेवलेल्या कोंबडीला ते उकिरड्यावरचं जेवण आपण दिलं पाहिजे.

आता थोडा हिशोब, कंटाळू नका, एकदा कळला की जन्मभर उपयोगी पडतो. एका अंड्यात पाच-सहा ग्रॅम प्रोटीन असतं आणि कवचात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम दाणा खाते, अंगानं लहान गावरान असेल तर ८०-९०. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रोटीन १० ग्रॅम, त्यातलं बरंचसं तिच्या स्वतःच्या अंगाला लागतं, वर धान्याच्या प्रोटीनमधे लायसिन आणि मेथिओनिन ही दोन द्रव्यं कमी असतात त्यामुळे खाल्लेलं सगळं अंड्याच्या कामी येत नाही. आणि कॅल्शियम? शंभर ग्रॅम ज्वारीत २५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका कवचाला लागतं त्याच्या साठाव्या भागाइतकं. नाचणीत कॅल्शियम भरपूर म्हणतात ते खरंय, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण कोंबडीनं रोज अर्धा किलो नाचणी खाल्ली तर एका अंड्याची भरपाई होईल, आणि एवढी ती खाणार कशी. कमी पडलं की ती स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून कवच बनवते, तेही संपलं की कातडीचं अंडं.

म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या दाण्यात १६ ते १८ टक्के प्रोटीन हवं आणि शिंपला नाहीतर चुनखडी वेगळी हवी. बाकी सगळं ह्याच्या भोवतीच आहे.

काय काय लागतं

धान्यं म्हणजे ताकद. मक्यात प्रोटीन ९ टक्क्यांच्या आसपास, ज्वारीत १०, बाजरीत ११, गव्हात १२, तांदळाच्या कणीत ७-८. पिवळा मका असला तर बलक पिवळाधम्मक येतो, पांढऱ्या ज्वारीवर ठेवलं तर फिकट, त्याला पाल्याची जोड द्यावी लागते, ते खाली सांगते. आपल्या भागात जे पिकतं ते घ्या, कोकणात कणी आणि नाचणी, माणदेशाकडं बाजरी, सोलापूरकडं ज्वारी. एकाच धान्यावर राहू नका एवढंच. गव्हाचा कोंडा थोडा घालावा, प्रोटीन १५ टक्के आणि स्वस्त. भाताचा कोंडा पण चालतो पण ताजा पाहिजे, त्यात तेल असतं आणि तीन-चार आठवड्यात खवट होतो, तसला घातला की कोंबड्या तोंड फिरवतात.

जोड म्हणजे सोयाबीन, पेंड आणि सुकट. भाजलेल्या सोयाबीनमधे ३७ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, तिळाच्या पेंडीत साधारण ४० आणि तिच्यात मेथिओनिन चांगलं असतं जे सोयाबीनमधे कमी आहे, म्हणून ही दोन एकत्र घालायची. सुकट म्हणजे जवळा किंवा बारीक सुकी मासळी, ५० टक्के धरा. आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या बाईकडे पाटीच्या तळाचा चुरा मिळतो, तो आपल्याला पुरतो आणि बराच स्वस्त पडतो. फक्त खारवलेली मासळी नको, जिभेला लावून बघा, मिठाचा कोंबडीला खरंच त्रास होतो, तहान-तहान करून पातळ हगतात आणि जास्त झालं तर मरतात. घरात मासळी चालत नसेल तर सुकटीशिवाय पण जमतं, सोयाबीन आणि तिळाची पेंड वाढवायची.

शेंगदाण्याची पेंड उत्तम पण तिच्याबद्दल मी फार घाबरून असते, कारण बुरशी. त्याचं पुढे वेगळं लिहिते. कारळ्याची, सूर्यफुलाची, करडईची पेंड मिळाली तर तिळाच्या पेंडीचा काही भाग म्हणून चालते, सालाची असेल तर प्रोटीन कमी धरा.

दोन गोष्टी गोठ्यात असतात म्हणून सहज घातल्या जातात त्या घालू नका. एक सरकी पेंड, तिच्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, त्यानं बलक ठेवल्यावर हिरवट-काळपट होतो आणि कोंबडीलाही बाधतं. दुसरी म्हणजे जनावरांची कांडी किंवा गोळीपेंड, काहींमधे युरिया असतो, गाई-म्हशीला पचतो, कोंबडीला नाही. गाई-म्हशीचं मिनरल मिक्स्चर पण नको, कोंबड्यांचं वेगळं मिळतं, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

१० किलोचं माप

आमचं माप हे आहे, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी:

मका, जाडाभरडा – ३ किलो ८०० ग्रॅम
ज्वारी, अख्खी – १ किलो ७०० ग्रॅम
बाजरी, अख्खी – १ किलो
गव्हाचा कोंडा – ८०० ग्रॅम
सोयाबीन, भाजून भरडलेलं – दीड किलो
तिळाची पेंड, फोडून – अर्धा किलो
सुकट, ऊन देऊन कुटलेली – अर्धा किलो
कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर – २०० ग्रॅम

सुकट अगदी आळणी असेल तर वरून २०-२५ ग्रॅम मीठ, म्हणजे चार-पाच चमचे, त्याच्या वर नाही.

प्रोटीन कसं मोजायचं ते ह्याच्यावरच दाखवते म्हणजे तुम्ही तुमच्या धान्याचं माप स्वतः काढाल. मक्याच्या किलोला ९० ग्रॅम, ३.८ किलोचे झाले ३४२. ज्वारीचे १७०, बाजरीचे ११०, कोंड्याचे १२०. एवढ्या धान्या-कोंड्यातनं मिळाले ७४२ ग्रॅम. आता सोयाबीनचे ५५५, तिळाच्या पेंडीचे २००, सुकटीचे २५०, हे झाले १००५. म्हणजे अडीच किलो जोडीनं सव्वासात किलोपेक्षा जास्त असलेल्या धान्या-कोंड्याहून जास्त प्रोटीन दिलं. एकूण १७४७ ग्रॅम, म्हणजे साडेसतरा टक्के. सुकट नको असेल तर सोयाबीन १ किलो ८०० आणि तिळाची पेंड ७०० करा, आणि त्याच्याबरोबरीनं अंगणात हिंडायला जास्त सोडा.

किती पुरेल? बारा कोंबड्या जाळीतच असतील तर दिवसाला सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे १० किलो आठ दिवस. दिवसभर मोकळ्या हिंडत असतील तर निम्म्यात भागतं. महिन्याचं एकदम करून ठेवू नका, अख्खं धान्य टिकतं पण भरडलं की आठ-पंधरा दिवसात त्याचा वास उतरतो, पावसाळ्यात तर त्याहून लवकर. आम्ही धान्य अख्खं साठवतो आणि आठवड्यापुरतंच गिरणीतनं भरडून आणतो, गिरणीवाल्याला सांगायचं पीठ नको, लापशीपेक्षा जाड पाहिजे. पीठ झालं तर चोचीला चिकटतं, पाण्यात पडतं, अर्धं वाया जातं.

आता अख्ख्या दाण्याची एक अडचण आहे, ती म्हणजे निवडानिवड. कोंबडी आधी मका टिपते, मग बाजरी, आणि पेंडीचा चुरा-मिनरल तळाला राहतं, म्हणजे आपण मेहनत करून घातलेली जोडच पोटात जात नाही. त्यावर आम्ही असं करतो, सकाळी मक्याचा भरडा, कोंडा, सोयाबीन, पेंड, सुकट, मिनरल हे पाणी शिंपडून ओलसर कालवून परातीत देतो, लाडू वळतील इतपत ओलं, चिखल नाही. आणि ज्वारी-बाजरी अख्खी संध्याकाळी चारनंतर पाचोळ्यात फेकून देतो, त्या उकरून-उकरून शोधतात, त्यांचाही वेळ जातो, भांडणं कमी होतात आणि रात्रभर पोटात दाणा राहतो. ओलं कालवलेलं दोन-तीन तासात संपलं पाहिजे, उरलं तर उचलून टाका, उन्हात आंबतं.

सोयाबीन कच्चं नको

हे ठळक लक्षात ठेवा. लातूर-विदर्भाकडे घरोघरी सोयाबीन असतं आणि लोक सरळ भरडून घालतात. कच्च्या सोयाबीनमधे असं द्रव्य असतं की ते प्रोटीन पचूच देत नाही, कोंबडी खाते पण अंगी लागत नाही. म्हणून कढईत मध्यम आचेवर सतत हलवत भाजायचं, १५-२० मिनिटं, साल तडकून तांबूस होईपर्यंत आणि कच्च्या शेंगेसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, फोडून बघितलं तर आतही हलका बदामी रंग पाहिजे. काळं करू नका, करपलं की प्रोटीनही जातं. किंवा रात्रभर भिजवून अर्धा तास चांगलं उकळायचं आणि कडक ऊन द्यायचं.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. चार चमचे सोयाबीनचं पीठ, एक चमचा शेतातला युरिया आणि पाच चमचे पाणी झाकणाच्या बाटलीत घालून हलवा, वीस मिनिटांनी झाकण उघडून वास घ्या. अमोनियाचा, म्हणजे मुतारीसारखा झणका आला तर सोयाबीन अजून कच्चं आहे. ते मिश्रण लांब खड्ड्यात टाका, कोंबड्यांच्या जवळपास पण नको.

ही भाजायची खटपट नको असेल तर तेल काढलेली सोयापेंड घ्या, कारखान्यात तिला उष्णता दिलेली असते, प्रोटीन ४४-४५ टक्के, तेवढी कमी लागते.

बुरशी, आणि रंगवलेलं बियाणं

मका आणि शेंगदाणा-पेंड ह्यांच्यावर येणारी हिरवी-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. कोंबडीचं लिव्हर जातं, अंडी बंद होतात, पिल्लं तर पटापट जातात. आणि हे भाजून-उकडून जात नाही, उन्हात वाळवलं की बुरशी दिसेनाशी होते पण विष तसंच राहतं. म्हणून वास आलेलं, गुठळ्या झालेलं धान्य "कोंबड्यांना घाला" म्हणून कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. माणसाला नको ते कोंबडीला, ही सवय आपल्याकडे फार आहे आणि ती चुकीची आहे, अंडं परत आपल्याच ताटात येतं.

धान्य दाताखाली कट् असा आवाज करून फुटलं पाहिजे, दबलं तर ओल आहे, अजून ऊन द्या. पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून वर फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला थरात घाला. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कोंबडीदाण्याच्या कोठीत अजिबात नको. पावसाळ्यात शेंगदाणा पेंड मी घेतच नाही, जून ते सप्टेंबर तिळाची नाहीतर सोयाबीनवर भागवते.

दुसरं, पेरणीनंतर उरलेलं बियाणं. ते गुलाबी, लाल, निळं रंगवलेलं असतं कारण त्याला बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं असतं. ते धुवून पण घालायचं नाही. आमच्या शेजारी एकांच्या सात कोंबड्या पिशवीतनं सांडलेला गुलाबी मका टिपून एका दुपारी गेल्या, लहान नातू पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्या मागं-मागं करत होता, अजून डोळ्यासमोर आहे. पेरणीच्या दिवसात पिशव्या झटकायच्या कुठे आणि रिकाम्या ठेवायच्या कुठे ह्यावर लक्ष ठेवा, आणि फवारणीचा पंप धुतलेल्या जागी कोंबड्या सोडू नका.

बिनफवारणीचं धान्य कुठनं आणायचं? पहिलं आपलं शेत, दुसरं ओळखीचा शेतकरी जो ज्वारी-बाजरीला तसंही फारसं काही मारत नाही. पाकिटातलं घेतलं तर त्यावर सरकारमान्य सेंद्रिय मालाची खूण बघा. बिनफवारणीचं सोयाबीन मिळवणं सगळ्यात अवघड आहे, त्यापेक्षा गावातल्या लाकडी घाण्यावर तीळ कुणाचे गाळले ते विचारून पेंड घेणं जमतं. सगळंच्या सगळं ऑरगॅनिक नाही झालं तरी चालेल, पण सुकं आणि बिनबुरशीचं असलंच पाहिजे, माझ्या हिशोबात ते आधी.

शिंपला आणि खडे, दोन वेगळ्या वाट्या

शिंपला दाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत कायम भरून ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता खाते, कोंबडा आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) फार खात नाहीत, आणि त्यांना जास्त कॅल्शियम जाणं बरंही नाही, वाढत्या पिल्लांची त्यानं किडनी खराब होते. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणून संध्याकाळी खुराड्यात शिरायच्या आधी वाटी भरलेली पाहिजे. फीडच्या दुकानात शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची खडी मिळते, बारीक पुडीपेक्षा तांदळाएवढे तुकडे चांगले, ते पोटात हळूहळू विरघळत रात्रभर पुरतात. पानात खायचा चुना द्यायचा नाही, तो दाहक असतो.

घरच्या अंड्यांची कवचं वाया घालवू नका, धुवून, तव्यावर कडक भाजून, खलबत्त्यात कुटून त्याच वाटीत. पण कुटाच. अर्धं कवच तसंच टाकलं तर कोंबडीला अंडं फोडून खायची सवय लागते, आणि ती एकदा लागली की सुटता सुटत नाही.

खडे हा वेगळा विषय. कोंबडीला दात नाहीत, चिकन आणल्यावर कलेजीबरोबर जो पेटा मिळतो तेच तिचं जातं, त्यात खडे घालून ती दाणा दळते. मोकळी कोंबडी खडे स्वतः शोधते, जाळीतलीला नदीच्या वाळूतले ज्वारीएवढे खडे ठेवावे लागतात. पीठ-गोळी फीडला ह्याची फार गरज नसते पण अख्खा दाणा घालताय तर खडे हवेतच.

आंबवणं, मोड, पाला, किडे

हिवाळ्यात आम्ही दाणा आंबवून देतो. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा मातीच्या भांड्यात धान्य आणि भरडा घालायचा, वर चार बोटं पाणी, एक चमचा ताक, वर फडकं, दिवसातनं दोनदा ढवळायचं. उन्हाळ्यात एक दिवस-रात्र पुरते, थंडीत दोन-तीन दिवस. इडलीच्या पिठासारखा आंबूस वास आला की तयार, निथळून द्यायचं, राहिलेल्या पाण्यात पुढचा घाणा भिजवायचा. कुजकट किंवा दारूसारखा वास, नाहीतर वर केसाळ बुरशी आली तर सगळं फेकून भांडं उन्हात ठेवायचं. आंबवलेलं चांगलं पचतं, धान्यातला अडकलेला फॉस्फरस मोकळा होतो आणि सांडासांड कमी. मोड आणायचे असतील तर गहू-बाजरी चांगले, मटकीसारखंच करायचं, बोटाएवढे कोंब येईपर्यंत थांबायची गरज नाही, इवलासा कोंब दिसला की द्या.

पाला रोज पाहिजे. शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी-पालकाची निवडलेली देठं, कोथिंबिरीची मुळं, जुडी बांधून चोच वर करून खातील अशी टांगायची. बलकाचा केशरी रंग ह्याच्यातनं येतो, झेंडूच्या पाकळ्यांनी पण येतो, दसऱ्याची तोरणं उतरवली की फुलं कुस्करून घाला, फवारलेली नसतील तर.

अझोलाबद्दल खूप ऐकलं असेल, आम्ही पण सावलीत ताडपत्रीचा वाफा केलाय आणि कोंबड्या आवडीनं खातात, पण त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नका. वाळवलेल्या अझोलात प्रोटीन २०-२५ टक्के असतं हे बरोबर, पण ताजा अझोला नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आहे. मूठभर ताज्यात दीड-दोन ग्रॅम प्रोटीन जेमतेम. पाला म्हणून छान, पेंडीची जागा तो घेत नाही.

किडे मात्र खरे कामाचे. सासूबाईंची जुनी पद्धत, मडक्यात ओलं शेण, कडबा आणि गोणपाटाचा तुकडा कोंबायचा आणि जिथं वाळवी दिसते तिथं संध्याकाळी पालथं घालायचं, सकाळी उचललं की आत वाळवी भरलेली असते. पिल्लांची तर चंगळ. शेणाचा ढीग आठवड्यातनं एकदा फावड्यानं उलटा आणि कोंबड्या सोडा, तासाभरात सगळ्या अळ्या साफ.

स्वयंपाकघरातलं उरलेलं भाकरी-भात दहावा हिस्सा धरा, त्याच्या वर नाही. लोणचं, पापड, फरसाण, चहाचा चोथा, कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची सालं, बुरशीचा पाव नको.

पिल्लं

पहिल्या सहा-आठ आठवड्यात पिल्लाला २० टक्क्यांवर प्रोटीन लागतं आणि भरडा रव्याइतका बारीक. इथं माझं मत स्पष्ट आहे, घरचं माप हाताला बसेपर्यंत पिल्लांना तयार स्टार्टरच (लहान पिल्लांचं बाजारचं फीड) द्या, चुकलं तर पाय वाकडे होतात आणि ते परत सरळ होत नाहीत. वरून बाजरीचा रवा आणि उकडलेलं अंडं कुस्करून द्यायला हरकत नाही. आईबरोबर मोकळं फिरणारं पिल्लू स्वतः किडे खातं, त्याची एवढी काळजी नाही. शिंपल्याची वाटी त्यांच्यापासून लांब, पाण्याच्या पसरट भांड्यात मधे दगड ठेवा म्हणजे बुडत नाहीत. अंड्यावर यायच्या सुमाराला, साधारण पाच-सहा महिन्यात, तुरा लाल व्हायला लागला की मोठ्यांचा दाणा आणि शिंपला सुरू.

पाणी आणि उन्हाळा

दाण्याच्या दुप्पट-अडीचपट पाणी, म्हणजे कोंबडीमागे पाव लिटर, एप्रिल-मे मधे त्याच्या दुपटीपर्यंत. एक दुपार पाण्यावाचून गेली तर पुढचे काही दिवस अंडी हलतात. उन्हाळ्यात दाणा सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, भर दुपारी खाल्लं की पचनाची उष्णता अंगात वाढते आणि कोंबड्या धापा टाकतात. पाणी मातीच्या भांड्यात सावलीला, दुपारी एकदा बदलायचं, कलिंगडाच्या साली भरपूर.

बदलताना

फीडवरनं घरच्या दाण्यावर एकदम उडी मारू नका. पहिले तीन दिवस पाव भाग घरचा, मग निम्मा, मग पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. अंडी थोडी कमी होतील, घाबरू नका, पण तीन आठवड्यांनी परत बघा. कवच पातळ असेल तर शिंपल्याची वाटी रिकामी राहत नाही ना बघा. पिसं उपटत असतील तर पेंड आणि मीठ बघा. कोंबडी उचलून छातीचं हाड चाचपा, सुरीसारखं धारदार लागलं तर अंगावर मांस नाही, दाणा कमी पडतोय नाहीतर जंत झालेत, जंताचं औषध देऊन किती दिवस झाले ते आठवा. ह्यातलं काहीच नसेल तर दिवस लहान झाला का, पिसं गाळायचा काळ आहे का, खुडूक बसलीय का हे बघा, गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक होते, वर्षाला साठ-ऐंशी अंडी दिली तरी तिनं तिचं काम केलं, दाणा वाढवून ती रोज घालणार नाही. आणि मान वाकडी, हिरवी हगवण, पटापट मरतूक असं दिसलं तर दाण्यात खोट शोधत बसू नका, ती मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि उरलेल्यांना वेगळं ठेवा.

आमच्या खुराड्याच्या दाराला एक वही लटकवलीय, रोज अंडी किती, आठवड्याला दाणा किती, काय बदललं ते त्यात. मागच्या श्रावणात अंडी अचानक अकरावरनं सहावर आली तेव्हा वही बघितल्यावर सापडलं की आठ दिवसांपूर्वी तिळाची नवीन पेंड आणलेली, वास घेतला तर खवट. बदलली, आणि पुढच्या दोन आठवड्यात परत नऊ-दहावर आली.